खावटी, लग्नगडी आणि नोतरा : आदिवासींच्या कर्जव्यवहाराच्या साधनांचें परीक्षण

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकास सावकारी दप्तराची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. खतें, कर्जरोखे, गहाणखतें, फारखत्या, रोजकीर्द व खतावणी यांचीं बासनें ज्याच्या हाताखालून गेलीं नाहींत असा संग्राहक महाराष्ट्रांत विरळा. या कागदांवरून व्याजाचा दर, मुदत, तारण, साक्षीदार यांचा तपशील काढून कुळांच्या सांपत्तिक स्थितीविषयीं निर्णय देण्याची आपल्यांत वहिवाट पडली आहे. ही वहिवाट देशावरील कुणब्याच्या बाबतींत बहुतांशीं निभावते. परंतु वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, भिल्ल, पावरा या जमातींच्या बाबतींत ती आपणांस चुकीच्या निर्णयाकडे नेते, असें आमचें मत झालें आहे. तें सकारण मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विषय केवळ जुना नाहीं. आदिवासींच्या चालीरीतींस जुळेल अशी कर्जाची व ठेवींची व्यवस्था कशी असावी, याचा विचार आज सरकारी खात्यांतून, बँकांतून व सेवाभावी संस्थांतून चालू आहे. असा विचार करणारे बहुधा असें गृहीत धरतात कीं, या जमातींस सावकाराखेरीज दुसरा अर्थव्यवहार पूर्वीं ठाऊकच नव्हता. सबब नवी योजना कोणतीहि पूर्वपीठिका न पाहतां आखण्यास हरकत नाहीं. हें गृहीत आपल्याच साधनसंग्रहाच्या एकांगीपणांतून निघालें आहे. ज्याचें दप्तर राहिलें त्याचा इतिहास झाला; ज्याचें राहिलें नाहीं त्यास व्यवहारच नव्हता, असें ठरलें. ही चूक साधनपरीक्षणाची असल्यामुळें ती दुरुस्त करण्याची जबाबदारीहि संशोधकाचीच आहे.

प्रथम रोख्याचा विचार करूं. रोखा हा ऋणकोच्या तोंडीं घातलेला, पण धनकोनें लिहविलेला कागद होय. घेतल्याची व फेडण्याची कबुली देणारी भाषा घेणाराची. कारकून, शाई व बहुधा साक्षीदार देणाराचे. आणि लिहून पुरा झालेला कागद राहणार तोहि देणाराच्याच घरीं. ऋणकोचा स्वतःचा असा भाग म्हणजे शेवटची निशाणी. कुणब्याच्या कागदावर नांगराची निशाणी असे. ती निदान त्याच्या धंद्याची खूण होती. पुढें इंग्रजी अमलांत अंगठ्याचा ठसा आला. तो माणूस नेमका कोण हें सांगतो, परंतु त्यास काय समजलें होतें हें सांगत नाहीं. म्हणून रोख्यावरून रक्कम सिद्ध झाली तरी संमति सिद्ध होत नाहीं, हा नियम या साधनाच्या परीक्षणांत पहिला मानिला पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी कीं, आदिवासींचें पुष्कळसें ऋण रोख्यांत उतरतच नसे. कारण तें धान्याचें असे. भात, नागली व वरी पिकविणाऱ्या डोंगरी मुलुखांत घरची कणगी आषाढाच्या सुमारास रिती होते व नवें पीक हातीं येईपर्यंत दोन-तीन महिने निभाव लागत नाहीं. या दिवसांत खाण्यासाठीं म्हणून उसनें आणलेलें धान्य ती खावटी. तिची फेड सुगीला वाढीदिढीनें होई. दिढी म्हणजे मणास अर्धा मण वर. वर्षाच्या हिशेबानें पाहतां हा दर शेंकडा पन्नास दिसतो. परंतु आषाढांत नेलेलें धान्य कार्तिकांत परत जाई, म्हणजे मुदत अवघी चार-पांच महिन्यांची. शिवाय आषाढांत धान्य महाग व सुगीला स्वस्त, हा फरक वेगळाच. रोखीच्या दरांचे तक्ते तयार करणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेंतून हें ऋण सर्वस्वीं निसटतें.

येथें आपल्या परंपरेंतील एका नियमाकडे लक्ष वेधणें जरूर आहे. दामदुपटीचा नियम, म्हणजे व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षां अधिक होऊं द्यावयाची नाहीं हा निर्बंध, वाचकांस परिचित आहेच. त्याचा अभिमानानें उल्लेख करतांना आपण त्याचा उत्तरार्ध बहुधा विसरतों. 'दाम दुप्पट, कण तिप्पट' अशी ती पुरी म्हण आहे. नाण्याचें ऋण दुपटीवर थांबे, धान्याचें तिपटीपर्यंत जाऊं शके. धान्याच्या भावांतील चढउतार व नासधूस लक्षांत घेऊन शास्त्रकारांनीं ही सवलत ठेविली असावी. परंतु तिचा परिणाम असा कीं, ज्याच्या हातीं नाणें येत होतें त्यास अधिक संरक्षण मिळालें व ज्याचा सारा व्यवहार कणांत होता त्यास कमी. डोंगरांतील ऋणको हा दुसऱ्या वर्गांतला होता. परंपरा चांगली कीं वाईट, असा मोघम प्रश्न करण्यापेक्षां परंपरेनें कोणत्या ऋणकोस डोळ्यांपुढें धरलें होतें हें पाहणें अधिक फलदायी होईल.

इंग्रजी कायद्यानेंहि हाच कित्ता गिरविला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा झाला व पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत रोखे जाळण्याची लाट पसरली. त्यावर चौकशी होऊन १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा झाला. न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. कुळास पावती, सालाचा हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. कायदा मोलाचा होता यांत शंका नाहीं. परंतु प्रथम तो चारच जिल्ह्यांस लागू झाला आणि त्याचें सारें औषध कागदाचें होतें. जेथें ऋण कागदावर नाहीं व ऋणकोस अक्षर वाचतां येत नाहीं, तेथें पासबुकाचा हक्क काय कामाचा? सह्याद्रीच्या डोंगरांतून या प्रश्नाचें उत्तर निराळ्या मार्गानें आलें होतें. १८४८ सालीं ठाणें येथें फांशी गेलेले राघोजी भांगरे आणि १८७३ नंतर जुन्नरच्या डोंगरांत उठाव करून १८७६ सालीं पकडले गेलेले होनाजी केंगले, या दोघांहि महादेव कोळी पुढाऱ्यांच्या बंडांत सावकारांवरील हल्ले हा मुख्य भाग होता. सुप्याच्या लोकांनीं कागद जाळला, डोंगरच्या लोकांनीं माणूस धरला. या फरकाचें एक कारण ऋणाच्या स्वरूपांत शोधावें असें आम्हांस वाटतें.

यानंतरचें प्रमुख साधन म्हणजे मुंबई सरकारच्या आज्ञेनें सायमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्यानें केलेला १९३८ चा अहवाल. १९३५ च्या कायद्याखालीं जे प्रदेश अंशतः वगळलेले ठरले, त्यांत डहाणू व शहापूर हे तालुके, मोखाडें व उंबरगांव या पेठा, नाशकांतील कळवण व पेठ, खानदेशांतील तळोदें, शहादें, नंदुरबार, नवापूर व अक्राणी, तसेच पंचमहालांतील दोहद व झालोद यांचा समावेश होता. पैकीं डहाणू व मोखाडें २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहेत, आणि उंबरगांव, दोहद व झालोद १९६० पासून गुजराथेंत गेले. या मुलुखांतील सावकार, जमीनदार, जंगलचे ठेकेदार व खालचे सरकारी नोकर यांच्याकडून होणारी पिळवणूक या अहवालानें स्पष्ट शब्दांत नोंदविली. त्यांतील लग्नगड्याचें प्रकरण सर्वांत महत्त्वाचें. लग्नासाठीं घेतलेल्या अल्प रकमेपोटीं नवरा, व बहुधा त्याची बायकोहि, जमीनदाराकडे राबूं लागत. आणि ही राबणूक बहुधा जन्मभर सरत नसे. सरकारी अधिकाऱ्याच्या लेखणींतून आलेली ही साक्ष सरकारी यंत्रणेसहि दोष देते, म्हणून तिचें प्रामाण्य आम्ही मोठें मानतों.

तरीहि या अहवालास एक उणीव आहे. लग्नास पैसा लागतो व जवळ नसतो, म्हणून गरजू सावकाराकडे जातो, असा त्याचा कार्यकारणभाव आहे. वारली समाजाची लग्नाची रीत जाणणारास तो पुरेसा वाटणार नाहीं. वारल्यांत देज वधूपक्षास द्यावयाचें असतें. परंतु तें देण्याची व लग्नविधि करण्याची ऐपत नसल्यास स्त्रीपुरुषांनीं एकत्र संसार करावा, मुलेंबाळें व्हावीं, आणि पुढें सवड होईल तेव्हां धवलेरीस बोलावून विधि उरकावा, यास त्या समाजांत मोकळीक आहे. शिवाय सासऱ्याच्या घरीं कांहीं वर्षें राबून देज फेडण्याची चालहि आहे. म्हणजे पैशाच्या अभावीं काय करावें, याच्या दोन सोयी समाजानें स्वतःच करून ठेविल्या होत्या : एक मुदत लांबविण्याची, दुसरी श्रमानें फेडण्याची. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील १९४५ चा ग्रंथ हा या समाजाच्या चालीरीतींचा मुद्दाम केलेला अभ्यास आहे. तो आणि सायमिंग्टनचा अहवाल हे दोन्ही एकत्र वाचल्यास लग्नगड्याचें स्वरूप अधिक उलगडतें. आमचें अनुमान असें कीं, जमीनदारानें कोणतीहि नवी संस्था निर्माण केली नाहीं. सासऱ्याच्या घरच्या सेवेची जुनीच चाल उचलली आणि तिची मुदत तेवढी काढून टाकली. सासऱ्याकडील सेवेस शेवट होता आणि ती नात्याच्या माणसाची होती. जमीनदाराकडील सेवेस शेवट नव्हता आणि हिशेब त्याच्याच हातीं होता.

हें अनुमान मान्य झाल्यास त्यांतून एक धडा निघतो, आणि तो आजच्या योजनाकारांनीं नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. चालीरीतींस जुळणारी अर्थसेवा ही आपोआप हितकर असत नाहीं. लग्नगड्याची पद्धति आदिवासींच्या चालीस इतकी जुळली होती म्हणूनच ती रुजली. तेव्हां योजना चालीस जुळते काय, एवढें विचारून भागणार नाहीं. मुदत कोण ठरवितो व हिशेब कोणाजवळ राहतो, हेंहि विचारलें पाहिजे.

लग्नगड्यांच्या मुक्ततेचें साधन म्हणून गोदावरी परुळेकर यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें १९७० चें पुस्तक आपल्यापुढें आहे. १९४५ च्या वारली उठावाच्या त्या स्वतः पुढारी होत्या. पुस्तक घटनेनंतर पंचवीस वर्षांनीं, आठवणीनें व एका पक्षाच्या निष्ठेनें लिहिलेलें आहे. या गोष्टी परीक्षकानें विसरूं नयेत. परंतु ज्या स्थितीचें त्यांत वर्णन आहे, तीच स्थिति त्यांच्या चळवळीपूर्वीं कांहीं वर्षें एका ब्रिटिश अधिकाऱ्यानें नोंदविली होती. परस्परांशीं कसलाहि संबंध नसलेल्या, किंबहुना विरुद्ध बाजूंच्या, दोन साक्षी एकमेकींस दुजोरा देतात तेव्हां ती गोष्ट सिद्ध मानण्यास हरकत नसावी. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें झालेल्या गोळीबारांत माणसें मेलीं, तीं वेठबिगार व मजुरी यांच्याच प्रश्नावर; तेव्हां खावटी व लग्नगडी हे केवळ कोशांतील शब्द नव्हत, हें संग्राहकांनीं विसरूं नये.

यापुढचा कायद्यांचा क्रम थोडक्यांत असा. १९४६ चा मुंबईचा सावकारी कायदा. १९७४ सालीं आदिवासींच्या जमिनी परक्यांच्या हातीं जाऊं नयेत व गेलेल्या परत मिळाव्या म्हणून झालेले कायदे. १९७५ चा महाराष्ट्राचा कर्जनिवारण कायदा. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा. सावकारी कायद्याची जागा २०१४ सालीं नव्या कायद्यानें घेतली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मिळणारे हक्क वारसांस जातात, परंतु विकतां वा हस्तांतरित करतां येत नाहींत. हीं सर्व बंधनें न्याय्य आहेत. परंतु त्यांचा एक परिणाम असा कीं, बँकेस जें तारण लागतें तें आदिवासीजवळ नाहीं. जुन्या काळींहि तें नव्हतें. म्हणून तर सावकारानें देहाच्या श्रमासच तारण केलें. तारणावांचून पत कशी द्यावी, हा प्रश्न शंभर वर्षें तसाच उभा आहे.

या प्रश्नास महाराष्ट्र सरकारनें दिलेलें उत्तर विचारार्ह आहे. १९७२ सालीं आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें शेतमालाच्या व वनोपजाच्या एकाधिकार खरेदीची योजना आली. आणि १९७८ पासून खावटी कर्ज देण्यास प्रारंभ झाला. सावकाराचाच शब्द सरकारनें उचलला, यांत आम्हांस कांहीं गैर वाटत नाहीं. उलट तो प्रामाणिकपणा आहे. पोटासाठीं घेतलेलें कर्ज अनुत्पादक म्हणून बँकेच्या दारांतून परत जातें. तें कर्ज खरें आहे व तें पावसाळ्यांतच लागतें, हें या योजनेनें मान्य केलें. कांहीं भाग धान्यरूपानें व कांहीं रोख देण्याची रीतहि लोकांच्या गरजेस धरून होती. देणारा व माल विकत घेणारा एकच असावा, म्हणजे सुगीला वसुली होईल, हा हिशेबहि सावकाराच्या पाहण्यांतलाच. परंतु सावकारास जी गोष्ट साधली ती महामंडळास साधली नाहीं. वसुली तुटपुंजी राहिली, माफी द्यावी लागली, योजना खंडित झाली. पुढें साथीच्या काळांत, २०२०-२१ करितां, ती कर्ज म्हणून न येतां अनुदान म्हणून आली. कुटुंबास ४,००० रुपये, निम्मे बँकेंत रोख व निम्मे वस्तुरूप. संकटांत अनुदान योग्यच. परंतु अनुदान ही पत नव्हे. दिल्याघेतल्याचा विश्वास त्यांतून वाढत नाहीं.

योजना कां फसली याचीं कारणें प्रशासनाचे जाणते सांगतील. आम्ही साधनांचे परीक्षक म्हणून एकच सांगतों. खावटीची नोंदवही संस्थेच्या कचेरींत होती. पाड्यावर तिची प्रत नव्हती. कोणी किती नेलें व कोणी किती फेडलें हें शेजाऱ्यास ठाऊक नव्हतें. ऋण शेजाऱ्यांपुढें घेतलेलें असलें म्हणजे त्याची लाज असते व त्यास सवलतहि मिळते. कचेरीपुढें घेतलेल्या ऋणास दोन्ही नाहींत.

याच्या उलट उदाहरण म्हणून भिल्लांतील नोतऱ्याकडे पाहावें. मध्यप्रदेशांतील झाबुआ व राजस्थानांतील बांसवाडा या भागांत लग्न वा तसेंच मोठें कार्य निघालें म्हणजे नातलग व गांवकऱ्यांस नोतरा, म्हणजे आमंत्रण, जातें. आलेला प्रत्येकजण कांहीं रक्कम देतो. ती सर्वांसमक्ष वहींत उतरतात. आणि देणाराच्या घरीं कार्य निघेल तेव्हां घेणारानें ती कांहीं वाढ घालून परत करावयाची. व्याज आहे, पण तें प्रतिष्ठेचें आहे. मुदत आहे, पण ती दुसऱ्याच्या गरजेनें ठरते. तारण आहे तें शेजाऱ्यांच्या स्मरणाचें. सातपुड्यांतील लाह, म्हणजे एकमेकांच्या शेतांवर पाळीपाळीनें मिळून काम करण्याची रीत, ही याच जातीची. तिच्यांत पैशाऐवजीं दिवस उसने दिले जातात.

धान्याच्या बाबतींत हेंच तत्त्व धान्यकोशाचें. रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत ठाकर व कातकरी वाड्यांतून असे कोश चालविण्याचे प्रयोग झाले. १९९६-९७ सालीं केंद्र सरकारनेंहि ग्राम धान्यकोशाची योजना काढली. वाडीची सामाईक कणगी, पावसाळ्यांत तींतून उचल, सुगीला थोड्या वाढीसह भरणा. येथें दिढीची रीतच चालू राहते, परंतु वाढ सावकाराच्या कोठारांत न जातां वाडीच्याच कणगींत पडते. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा येथें तर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर २०११ पासून बांबूची विक्री ग्रामसभेनें स्वतः केली, आणि तिचा हिशेब सभेपुढें असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, आम्ही जुन्या चालींस फार गोंजारतों. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. नोतऱ्यांतील वाढ चढत गेली म्हणजे तीहि गरिबास भारी होते. मोठ्या कार्याची हौस वाढते. आणि दुष्काळ आला म्हणजे साऱ्या वाडीचीच कणगी एकदम रिती होते, तेव्हां शेजारी शेजाऱ्यास काय देणार? म्हणून बाहेरच्या पतीची गरज आहेच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बाहेरची पत या अंगच्या व्यवस्थेशीं जोडून यावी, तिला वगळून नव्हे. बँकेनें व्यक्तीऐवजीं वाडीच्या कोशास कर्ज द्यावें, फेडीची मुदत सुगीवर ठेवावी, आणि हिशेब पाड्यावर, लोकांच्या बोलीत, सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. या तीन गोष्टी इतिहासाच्या पुराव्यावरून आम्हांस आवश्यक दिसतात.

आज खेड्यापाड्यांतून बँकेचा प्रतिनिधि यंत्र घेऊन बसतो व त्यावर अंगठा ठेविला म्हणजे पैसे मिळतात. सोय मोठी आहे. पंधरा कोस जाण्याचें वांचतें. परंतु राबून झिजलेला अंगठा यंत्रास पटत नाहीं तेव्हां खातेदार रित्या हातानें परततो. आणि पटला तरी किती रक्कम निघाली हें यंत्रवाला सांगेल तें. रोख्यावरील अंगठ्याविषयीं जें वर म्हटलें तेंच येथेंहि लागू आहे : ठसा माणूस सिद्ध करतो, समजूत सिद्ध करीत नाहीं. कागद बदलला, यंत्र आलें, तरी हिशेबाची प्रत कोणाच्या हातीं राहते हा प्रश्न बदललेला नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. सावकाराचीं बासनें आपण पुष्कळ जमविलीं. तीं जपून ठेवावीं. परंतु नोतऱ्याच्या वह्या, धान्यकोशांच्या आवकजावकीचे कागद, बंद पडलेल्या आदिवासी सहकारी संस्थांचीं खावटीचीं रजिस्टरें, ग्रामसभांचीं इतिवृत्तें, हें सारें आज रद्दींत जात आहे. तें मोडींत नाहीं, जुन्या कागदावर नाहीं, म्हणून आपल्या नजरेस भरत नाहीं. या वह्या ज्यांच्या आहेत त्यांच्या संमतीनें त्यांच्या नकला घ्याव्या व मूळ प्रती त्यांच्याच गांवीं राहूं द्याव्या. दुसऱ्याचा हिशेब आपल्या घरीं आणून ठेवण्याची चूक आपणहि करूं नये. असा संग्रह झाला तर पुढील पिढीस आदिवासी हा केवळ ऋणको म्हणून न भेटतां स्वतःचा हिशेब राखणारा माणूस म्हणून भेटेल. आणि त्याच्यासाठीं योजना आखणारास त्याच्याकडून कांहीं शिकतांहि येईल.